जमिनीवरची खूण, कागदावरची नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर आपण उभे असतो तेव्हा पायाखाली केवढी गर्दी आहे हे आपल्या गावीही नसते. पिण्याच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेची केबल, टेलिफोनची जुनी तांब्याची तार, तिच्या शेजारी ऑप्टिकल फायबर, आणि आता अनेक शहरांत स्वयंपाकाच्या गॅसची नळी. ही सगळी मंडळी एकमेकांना खेटून पडलेली असतात. प्रत्येकाचा मालक वेगळा, नकाशा वेगळा, आणि नकाशा कपाटात असला तर किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न वेगळा.

मग एके दिवशी जेसीबी येतो. बकेट जमिनीत शिरते आणि काही तरी तटकन तुटते. पाण्याचे कारंजे उडते, नाही तर निम्म्या पेठेचे दिवे जातात, नाही तर बँकेतली सगळी यंत्रे मुकी होतात. घटकाभरात बघ्यांची गर्दी जमते आणि पहिला प्रश्न येतो, तोडले कोणी? दुसरा प्रश्न दोन दिवसांनी येतो, पण तो वर्षानुवर्षे चालतो. पैसे कोणी भरायचे?

आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. कारण त्याचे उत्तर बहुधा खऱ्याखोट्यावर ठरत नाही, ते कोणाच्या हातात नोंद आहे यावर ठरते. केबलचा मालक म्हणतो, आम्ही खूण करून दिली होती. ठेकेदार म्हणतो, खूण नव्हतीच, होती ती चुकीच्या जागी होती. मुकादम फोन बंद करतो. आणि ज्याने सांगितले तिथे खोदले तो जेसीबीचा ड्रायव्हर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो. ज्या खुणेवरून भांडण चालले आहे ती खूण तर पहिल्याच बकेटबरोबर मातीत गेलेली असते.

जमिनीखालच्या वस्तूची खूण जमिनीवर ठेवायची ही गोष्ट काही नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून पाण्याची नहर आणली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी मनोऱ्यासारखी बांधकामे केलेली होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणले, त्या मार्गावरही उच्छ्वास बांधले. त्यांचे मुख्य काम हवा सोडण्याचे आणि सफाईचे. पण त्यांचा आणखी एक उपयोग आपोआप होत होता. पाणी खालून कुठून जाते ते वरून चालणाऱ्याला दिसत होते. पुढे वस्ती वाढली, नवे रस्ते झाले, खुणा पडल्या, आणि मग खालची वाटही अनेक जागी फुटली, बुजली. खूण गेली की खालची वस्तूही जायला वेळ लागत नाही.

आधुनिक काळात या खुणांचे शास्त्र अमेरिकेत तयार झाले, आणि त्यामागे एक दुःखद प्रसंग आहे. १६ जून १९७६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये व्हेनिस बुलेव्हार्ड या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. खोदणाऱ्या यंत्राचा घाव पेट्रोल वाहून नेणाऱ्या पाइपलाइनवर बसला, उडालेले पेट्रोल पेटले आणि नऊ माणसे गेली. त्यानंतर तिथे खुणांच्या रंगांची शिस्त लागली. लाल रंग विजेचा, पिवळा गॅस आणि तेलाचा, नारिंगी टेलिफोन व इतर संदेशवाहिन्यांचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा, जांभळा शुद्ध करून पुन्हा वापरायच्या पाण्याचा, गुलाबी तात्पुरत्या मोजणीचा. आणि जिथे खोदायचे आहे ती जागा पांढऱ्या रंगाने आखायची. आपल्याकडे गवंडी पाया आखताना चुन्याची फक्की मारतात ना, तसेच.

तिथली पद्धत साधी आहे. खोदणाऱ्याने आधी एका क्रमांकावर फोन करायचा. २००५ मध्ये सबंध देशासाठी ८११ हा एकच क्रमांक ठरला आणि २००७ पासून तो वापरात आला. फोन केला की अर्जाला एक नंबर मिळतो. त्या भागात ज्यांच्या ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. बहुतेक राज्यांत दोन-तीन कामकाजाचे दिवस थांबावे लागते. तेवढ्यात त्या त्या कंपनीची माणसे येऊन आपापल्या रंगाने रस्त्यावर रेघा मारतात, गवतात छोटी निशाणे रोवतात, किंवा आमचे इथे काही नाही असे कळवतात. मगच खोदायचे. एवढी व्यवस्था असूनही अमेरिका आणि कॅनडा मिळून दरवर्षी सुमारे दोन लाख ठिकाणी लाइनी तुटल्याची नोंद गेल्या काही वर्षांत झाली आहे. फोनच न करणे हे त्यातले एक मोठे कारण. फोन करूनही तुटते, तेव्हा मात्र दाव्यांचा खेळ सुरू होतो.

खूण चुकते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. जमिनीखालची लाइन शोधणारे यंत्र तारेत किंवा धातूच्या नळीत एक सौम्य विद्युत-संकेत सोडते आणि वरून तो संकेत पकडत चालते. शेजारी दुसरी तार असली तर संकेत तिच्यावर उडी मारतो आणि खूण भलत्याच जागी पडते. प्लॅस्टिकच्या नळीतून संकेत जातच नाही. म्हणून नळी टाकतानाच तिच्यासोबत एक बारीक तार टाकतात. ती तार तुटलेली असली तर नळी यंत्राला दिसत नाही. दुसरे यंत्र रडारचे. ते जमिनीत लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून अंदाज बांधते, पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी लवकर विरतात. आपल्याकडची काळी माती आणि पावसाळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अडचण लक्षात येईल.

शिवाय खूण सांगते ती लाइन कुठून गेली एवढेच. किती खोल आहे ते ती सांगत नाही. रस्त्यावर थरावर थर चढलेले असतात, बाजूची माती काढलेली असते. टाकताना तीन फूट खोल असलेली नळी आज एक फुटावर असू शकते. म्हणूनच तिथल्या नियमांत खुणेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा राखून ठेवलेला असतो. कॅलिफोर्नियात हा पट्टा प्रत्येक बाजूला २४ इंचांचा, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरचा आहे. त्या पट्ट्यात यंत्राचा दात घालण्याआधी हाताने, जपून खोदून लाइन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायची.

आता एक उदाहरण मनात मांडून पाहू. समजा, कंपाउंडच्या भिंतीपासून तीन मीटरवर केबलची खूण केली आहे. ठेकेदाराने पट्टा सोडून पलीकडे यंत्र लावले. केबल तुटली ती भिंतीपासून ४.२ मीटरवर. म्हणजे खूण आणि केबल यांत १.२ मीटरचे अंतर, परवानगीच्या पट्ट्याच्या दुप्पट. हिशोब सरळ आहे. चूक खूण करणाऱ्याची, भुर्दंडही त्याचा. पण हा हिशोब मांडायला एक आकडा लागतो, खूण तीन मीटरवर होती हा. तो आकडा कोणाकडे आहे? रस्ता उकरला गेला, रंग मातीत गेला. खोदण्याआधी टेप लावून काढलेला एक फोटो असेल तर दावा तिथेच मिटतो. नसेल तर दोन तोंडे आणि दोन गोष्टी. त्यात ज्याचा वकील मोठा त्याची गोष्ट खरी.

तर नोंद करायची कशी? यासाठी महागडे काही लागत नाही. खिशातला मोबाइल, एक मोजपट्टी आणि एक वही पुरे. पण क्रम पाळला पाहिजे.

पहिली गोष्ट, खोदायची जागा फक्कीने आखा आणि तिचा फोटो काढा. आपण कुठे खोदणार हे सांगितले होते, याचा हा पुरावा. अर्ज कोणाकडे, कोणत्या तारखेला, किती वाजता केला, त्याचा नंबर काय, कोणाकडून काय उत्तर आले, हे वहीत लिहा. तोंडी उत्तर आले असेल तर सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि वेळ लिहा.

दुसरी गोष्ट, खुणा झाल्या की काम सुरू होण्याआधी फोटो काढा, आणि एक काढून थांबू नका. आधी लांबून काढा, ज्यात घर, विजेचा खांब, झाड, दुकानाची पाटी असे काही न हलणारे दिसेल. मग जरा जवळून. मग अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी उलगडून. नुसत्या पिवळ्या रेघेचा फोटो काही सांगत नाही. तशी रेघ जगात कुठेही असू शकते. भिंतीच्या कोपऱ्यापासून किती आणि खांबापासून किती, अशी दोन पक्क्या वस्तूंपासूनची अंतरे लिहिली तर रेघ पुसली गेल्यावरही ती जागा पुन्हा सापडते. वहीत एक साधे रेखाचित्र काढा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल, आकडे बरोबर हवेत.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जिथे खूण नाही, त्या जागेचाही फोटो काढा. तक्रार पुष्कळदा अशीच येते की इथे आमची खूण होती आणि तुम्ही ती पाहिली नाही. सबंध चराच्या वाटेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत एक व्हिडिओ काढला आणि तारीख, वेळ, गल्लीचे नाव बोलत गेलात, तर खूण नव्हती हेही सिद्ध करता येते.

चौथी गोष्ट, खुणा टिकत नाहीत हे गृहीत धरा. पाऊस येतो, ट्रक फिरतात, वरचा डांबराचा थर काढला की रेघ गेलीच. काम लांबले तर पुन्हा खूण मागा. अमेरिकेत अर्जाला ठरावीक दिवसांचीच मुदत असते, ती राज्याराज्यांत वेगळी आहे, आणि ती संपली की पुन्हा फोन करावा लागतो. दरम्यान चराच्या बाजूला, जिथे खोदायचे नाही तिथे, खुंटी मारून तिच्यावर अंतर लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट, हाताने खोदून लाइन उघडी केली की तिचा फोटो मोजपट्टीसह घ्या. वरून किती खोल, खुणेपासून किती बाजूला. एका जागी फरक सापडला तर पुढेही सापडणार. तिथेच काम थांबवून लाइनच्या मालकाला कळवायचे आणि कळवल्याची वेळ लिहायची.

आणि एवढे करूनही तुटले तर? आधी माणसे, मग पुरावा. गॅसचा वास किंवा फुसफुस ऐकू आली तर सगळ्यांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दूर जायचे. काडी, विडी, स्विच काही नको, मोबाइलही लांब गेल्यावरच. छिद्र बुजवण्याचा किंवा नळी दुमडण्याचा पराक्रम करू नये. विजेची केबल असेल तर यंत्राला कोणी हात लावू नये. गॅस कंपनी, वीज कंपनी, अग्निशमन दल यांना कळवून झाले आणि जागा सुरक्षित आहे असे त्यांनी सांगितले, म्हणजे मग दुरुस्ती सुरू होण्याआधी फोटो. तुटलेले टोक, त्याची खोली, खुणेपासूनचे अंतर, यंत्राची जागा. कोण आले, किती वाजता आले, किती मीटर केबल बदलली, किती माणसे किती तास होती. पुढे बिल येते तेव्हा पाच मीटर केबलचे पन्नास मीटर झालेले नाहीत ना, हे पाहायला हीच नोंद लागते. लिहिताना मोजमाप लिहा, मत लिहू नका. दोष कोणाचा हे चराच्या काठावर उभे राहून ठरवायचे नसते. घाईत पुढे केलेल्या कागदावर, न वाचता, सही तर मुळीच करायची नसते.

इथे बेल्जियममधल्या गिलेंगियेनची घटना सांगायला हवी. ३० जुलै २००४ रोजी तिथे गॅसची मोठी पाइपलाइन फुटून २४ माणसे मृत्युमुखी पडली. तिथे चाललेल्या बांधकामात यंत्राने पाइपला आधीच इजा केली होती. पाइप तेव्हा फुटला नाही. पुढे दाब वाढला तेव्हा फुटला. म्हणून नुसता ओरखडा आला, गळती नाही, तरी कळवा. माती लोटून झाकलेला ओरखडा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाची तयारी असू शकते.

आता आपल्या देशाकडे येऊ. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. खोदण्याआधी विचारा, असा त्याचा अर्थ. खोदणाऱ्याने जागा आणि वेळ त्यावर कळवली की त्या परिसरात ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना निरोप जातो आणि दोघांना एकमेकांशी बोलता येते. विचारपूस न करता केलेल्या खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारने त्या वेळी सांगितले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार जाळ्याची हानी करणाऱ्याला नुकसानभरपाई आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ठेकेदाराची आयुष्यभराची कमाई एका बकेटमध्ये जाऊ शकते, असा हा आकडा आहे.

आपल्याकडे रंगीत रेघांची शिस्त अजून रुळलेली नाही. रस्त्याकडेला गॅसच्या पिवळ्या खुणा दिसतात, केबलचे दगड दिसतात, काही दगड गवतात हरवलेले असतात. पण जिथे खूण करणारा येत नाही तिथे नोंदीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. मी विचारले होते, उत्तर आले नाही, हे दाखवता आले पाहिजे.

ही गोष्ट शेतकऱ्यांच्याही कामाची आहे. मुंबईहून मनमाडकडे जाणाऱ्या तेलवाहिनीसारख्या वाहिन्या शेतांखालून गेल्या आहेत. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीक घेता येते. पण त्या पट्ट्यात इमारत बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. आपल्या बांधापासून पट्टा किती अंतरावर आहे आणि खुणेचे खांब कुठे आहेत, याचे फोटो घरात असावेत. खांब पडला तर तसे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. उद्या नांगर किंवा जेसीबी लागला तर ती पोचच शेतकऱ्याच्या बाजूने बोलेल.

फोटो काढले, पण जपले कसे? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि कधी, कुठे काढला याची त्याच्या पोटातली माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो मूळ फोनमध्ये किंवा जसाच्या तसा उतरवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार असा फोटो न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी कोणी, कोणत्या फोनने काढला हे माहीत हवे. आणि किती दिवस ठेवायचे? दिवाणी दाव्यांची मुदत बऱ्याच प्रकारांत तीन वर्षांची असते, पण केंद्र किंवा राज्य सरकारला स्वतः दावा लावायचा असेल तर मुदतीच्या कायद्यात ३० वर्षे दिली आहेत. तेव्हा काम संपले म्हणून फोन रिकामा करण्याची घाई नको.

आपल्या समाजात लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. ओळखीच्या माणसाकडे कागद मागितला की तो म्हणतो, माझ्यावर भरवसा नाही का? कुराणातली सगळ्यात लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लहान असो की मोठा, मुदतीसह लिहून ठेवायला कंटाळू नका आणि साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. त्यात भरवशाचा अपमान नाही. माणूस विसरतो, म्हणून लिहायचे. लिहिलेले दोघांनाही सांभाळते. खूण बरोबर करून देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही खोट्या आरोपातून तोच फोटो वाचवतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक गावात पाणीपुरवठ्याचा एक जुना चावीवाला असतो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या वडाखाली, कुठली लाइन कुणाच्या ओट्याखालून वळली, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त होतो आणि गावाचा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. तो निवृत्त होण्याआधी त्याच्यासोबत एक दिवस फिरा. तो बोट दाखवील तिथे टेप लावा, फोटो घ्या, वहीत लिहा. आपण उघडलेल्या प्रत्येक चराची नोंद नगरपालिकेला द्या. दाव्यापासून वाचण्यासाठी केलेली ही नोंद पुढच्या खोदणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

तेव्हा उद्या तुमच्या सोसायटीत, वाड्यात, शेतात खोदाई निघाली, तर जेसीबीचे भाडे ठरवताना ड्रायव्हरला एवढे विचारा: लाइनी कुठे आहेत ते तुला कोणी दाखवले का? आणि त्याने टिकाव मारण्याआधी पाच फोटो काढा. एक त्यालाही द्या. चूक नसताना बाकावर बसायची वेळ आली, तर त्या गरिबाच्या हाती काही तरी असेल.